इंग्लिश गावांच्या नावांवरची अकरा पानं

रविवार, १४ सप्टेंबर. दुपारी चार वाजता इथे सिंगापूरमध्ये, क्लेमेंटीला, आमच्या ब्लॉकजवळच्या हॉलमध्ये मराठी गटाचा कार्यक्रम होता. तीसेक माणसं आली होती.

संजय, माझा नवरा, तिथे इंग्लंडमधल्या गावांची नावं कुठून आली यावर बोलणार होता. नोकरी तांजोंग पगार भागातल्या बँकेत... हा नुसता छंद. एप्रिलमध्ये तो गेला. तोवर अकरा पानं लिहून झाली होती.

गट मोहनराव चालवतात. त्यांनी परस्पर दुसरा वक्ता ठरवला होता. वर्ष व्हायचंय, वहिनींना कार्यक्रमाला कसं बोलवायचं, असा त्यांना संकोच. मीच फोन करून सांगितलं, मी वाचते. ते म्हणाले, "वहिनी, मध्येच थांबलात तरी चालेल."

मला वाचायची भीती नव्हती. काळजी सईची होती, आमच्या मुलीची. ती चौदा वर्षांची आहे. तो गेल्यापासून तिने 'बाबा' हा शब्द उच्चारला नव्हता. विषय निघाला की उठून खोलीत जायची. त्या दिवशी आली, पण शेवटच्या रांगेत फोन घेऊन बसली.

मी वाचत गेले. नावाच्या शेवटी 'टन' असेल तर ती बहुतेक मुळात कुंपण घातलेली वाडी. 'चेस्टर' म्हणजे रोमन सैन्याची छावणी... "म्हणजे साहेबसुद्धा वाडीतलाच," कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

शेवटी एका काकांनी विचारलं, आपल्या पुढच्या मेट्रो स्टेशनचं, डोव्हरचं काय? ते नाव मूळ इंग्लंडमधलंच ना? मी पानं उलटली. त्यात डोव्हर नव्हतं. सगळे वाट बघत होते...

मागून सईचा आवाज आला, तिच्या नेहमीच्या सिंगापुरी इंग्रजीत. "दॅट वन नॉट ईव्हन इंग्लिश, अंकल. मच ओल्डर. जस्ट मीन्स वॉटर." मग जरा थांबून, "बाबा टोल्ड मी, लाह."

कोणी मागे वळून तिच्याकडे पाहिलं नाही. मोहनरावांनी चहा आणायला सांगितलं. याबद्दल मी सगळ्यांची आभारी आहे.

ही दोघं असं कधी बोलायची, मला माहीत नव्हतं. बहुतेक सकाळी, शाळेच्या बसस्टॉपपर्यंत जाताना. तिला विचारलं नाही... सांगेल तेव्हा सांगेल.

ती मैत्रिणींबरोबर हॉकर सेंटरला, खाण्याच्या स्टॉलवर गेली. मी घरी आले. खिडकीबाहेरच्या बांबूवरचे कपडे वाळले होते. ते आत घेतले आणि घड्या घालून ठेवल्या.