गोऱ्या साहेबाचं प्रमाणपत्र

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांच्या पाट्यांमधून एक घर अजून घर म्हणून उरलंय, ते निवृत्त प्राध्यापक मुकुंदराव पांढरीपांडे यांचं. मुकुंदराव शिखांवरचे तज्ज्ञ. निदान त्यांच्या लेटरहेडवर तरी तसं छापलंय. इंग्रज अधिकाऱ्यांनी शिखांबद्दल आणि त्यांच्या धर्माबद्दल लिहिलेली जुनी पुस्तकं त्यांनी जन्मभर गोळा केली, त्यांवर निबंध पाडले आणि परिषदांमधून शाली मिळवल्या. जरीपटक्याचा गुरुद्वारा ऑटोने अर्ध्या तासावर, पण तिथे हे महाशय एकदाही फिरकले नाहीत. जिवंत माणूस तोंड उघडतो आणि पुस्तकाशी जुळत नाही, ही त्यांची अडचण.

त्यांचे सगळे निबंध टाइप केले ते बायकोने, चारुशीलाने. त्यामुळे ते साहेब लोक तिलाही तोंडपाठ. नवऱ्याच्या विद्वत्तेबद्दलचं आपलं मत तिने खारट भाजीसारखं मुकाट्याने गिळलं होतं.

पण आता गाठ लेकीच्या लग्नाशी होती. मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करणाऱ्या गार्गीने तिथल्याच जसमीतशी लग्न करायचं ठरवलं होतं. जसमीतचे वडील बलबीरसिंग यांचं जरीपटक्यात स्पेअर पार्टचं दुकान. रविवारी त्यांच्याकडे बोलणी करायला जायचं होतं आणि चारुशीलाला एकच धास्ती होती. जातीची नाही, मानपानाची नाही. नवरा बोलेल याची.

"आज फक्त चहा प्या आणि हो म्हणा," ऑटोत तिने बजावलं.

मुकुंदरावांनी मान डोलावली. मांडीवरच्या पिशवीत पुस्तक होतंच.

चहा अर्धासुद्धा झाला नाही तोच ते बाहेर आलं. "बलबीरसिंगजी, तुमच्या समाजाबद्दल या इंग्रज साहेबाचं मत फार चांगलं होतं बरं का!" असं म्हणून मुकुंदरावांनी मराठी करत वाचायला सुरुवात केली. शीख माणूस शूर, आज्ञाधारक, हवा तिकडे वळवता येणारा. बुद्धीने जरा मंद, पण मनाने सरळ. त्याचा धर्म फौजेच्या शिस्तीला उत्तम, मात्र पन्नास वर्षांत तो हिंदूंमध्ये विरघळून जाईल.

बैलबाजारातला दलालसुद्धा मालकासमोर बैलाचे दात मोजताना जरा जपून बोलतो. यांना तेवढंही भान नव्हतं. वर चेहऱ्यावर असा भाव, की घरबसल्या केवढं प्रमाणपत्र आणून दिलं!

जसमीत पंख्याकडे पाहत बसला. गार्गीच्या डोळ्यांत पाणी आलं. बलबीरसिंगांनी कप खाली ठेवला.

"हे मले काहून ऐकवून राहिले, सर? शंभर वर्षं झाली असतील त्या गोऱ्याले. आम्ही तर इथंच बसून आहो."

"राग मानू नका. साहेबाचं निरीक्षण अचूक असायचं."

इथे चारुशीलाचा इतकी वर्षं गिळलेला घास बाहेर आला.

"अचूक? मग पुढचंही वाचा ना! हाच साहेब पंजाबातून बदलून आपल्या मध्य प्रांतात आला होता. आपल्याबद्दल काय लिहिलंय, सांगा यांना."

"चारू, तो भाग अप्रस्तुत आहे."

"मी सांगते. नागपूरचा ब्राह्मण लबाड आणि भित्रा. वरच्यापुढे लोटांगण, खालच्यावर गुरगुर. मी ते पान टाइप केलं, तर तुम्ही फाडायला लावलं! म्हणाले, त्या साहेबाला आपल्यातलं काय कळतं? यांच्यातलं मात्र सगळं कळलं त्याला?"

मुकुंदरावांनी पुस्तक मिटलं. मग ते पिशवीत पार तळाशी घातलं.

बलबीरसिंगांची बायको हरजीत उठली. "चला जी, गुरुद्वाऱ्यात लंगरच्या जेवणाची वेळ झाली. रिकाम्या पोटी विद्वत्ता जास्त चढते."

गुरुद्वाऱ्यात मुकुंदरावांच्या डोक्यावर केशरी रुमाल आला आणि ते सगळ्यांबरोबर पंगतीत, जमिनीवर बसले. रोट्यांची टोपली घेऊन सेवादार समोर थांबला. जन्मभर लग्ना-मुंजीच्या पंगतीत जेवलेल्या मुकुंदरावांनी सवयीने ताट पुढे सरकवलं. सेवादार तसाच उभा. त्यांनी ताट आणखी सरकवलं.

"सर, हात," बलबीरसिंग म्हणाले. "दोन्ही. रोटी ताटात वाढत नाहीत आमच्यात. हात पसरून घ्यावी लागते."

ज्यांच्यावर जन्मभर लिहिलं त्यांच्या पंगतीत रोटी कशी घ्यायची, हे यांना ठाऊक नव्हतं. कुण्या साहेबाच्या पुस्तकात यांनी ते वाचलं नव्हतं आणि जरीपटक्यात येऊन कुणाला विचारलंही नव्हतं. आजूबाजूला न पाहता मुकुंदरावांनी दोन्ही हात पुढे केले.

बलबीरसिंग चारुशीलाकडे वळले. "ताई, पोरगी आजपासून आमची. पण एक अट आहे. लग्नात सरांचं भाषण नाही ठेवायचं."

"कबूल," चारुशीला म्हणाली, आणि तिने रोटीसाठी हात पसरले.