माझ्या हातचा घोस

मी माटोळीला बांधलेला घोस काकांनी सोडवला आणि माझ्या हातात परत दिला.

चतुर्थीच्या आदल्या दिवसाची दुपार. कोरगावचं मूळ घर, सगळ्या भाऊबंदांचा एकच गणपती. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटोळीला, घरातलं प्रत्येक मूल एकेक फळ बांधतं. कोणी तवसं, कोणी चिबूड. मी कांगलांचा घोस बांधला होता. केशरी रानफळं. बाबांबरोबर डोंगरावर जाऊन मीच तोडलेली.

काका शिडीवरूनच म्हणाले, "भायल्या हातचे माटोळेक नाका."

बाहेरचा हात म्हणजे माझा. मी दहा वर्षांची होते. रडले नाही. मला काही वाटलंच नाही. आधी दोन घरांनी मला परत पाठवलं, तेव्हाही वाटलं नव्हतं.

हे तिसरं घर. आईबाबांनी डिचोलीच्या बाजूच्या एका बालगृहातून मला आणलं, तेव्हा मी बोलत नव्हते. चावायचे. बाबांच्या मनगटावर माझ्या दातांचा वण अजून आहे. सकाळी पदेर पाव देऊन गेला की त्यातले दोन उचलून गादीखाली दडपायचे. एक दिवस आईला ते सापडले, बुरशी धरलेले. मी मार खायला उभी राहिले. तिनं पत्र्याचा डबा आणला. म्हणाली, तुझे पाव यात ठेव, मुंग्या लागणार नाहीत. मग रोज ती शिळे काढून ताजे ठेवायची. वर्षभर ठेवले.

त्या दुपारी ती माटोळीपाशी गेली. तिनं स्वतः आणलेलं तवसं सोडवलं. बाबांनी नारळ सोडवले. आम्ही तिघं चालत घरी आलो. चतुर्थीला मूळ घरातून उठून येणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळत नव्हतं. वर्षभर भाऊबंद आमच्याशी बोलले नाहीत.

पुढच्या चतुर्थीआधी काका आले. भटजींना विचारलंय, म्हणाले. पोरीनं फळ बापाच्या हाती द्यावं, बापानं बांधावं. कोणाचंच काही मोडत नाही. मोठ्या मनानं बोलत होते. मी बाबांकडे पाहिलं. त्यांना जायचं होतं, ते दिसत होतं. मागची एक सोडली तर जन्मापासून दर चतुर्थीला ते त्या गणपतीपुढे बसलेले.

ते माझ्याकडे वळले.

"तुका किते जाय, ते तू सांग."

तुला काय हवं, असं मला तोवर कोणी विचारलंच नव्हतं. कुठल्या घरात जायचं, कुठून निघायचं, काहीच नाही. पहिल्यांदाच काहीतरी वाटलं. राग होता. माझा स्वतःचा राग, आणि तो काढायला कोणाला चावावं लागणार नव्हतं.

"माझ्या हातान जाय," मी म्हणाले. "नाजाल्यार नाका." बांधीन तर मीच, नाहीतर नकोच.

काकांनी कप खाली ठेवला. पोर शेफारलीय, म्हणाले. बाबा म्हणाले, आमचंही उत्तर तेच.

आता मी मोपाच्या विमानतळावर नोकरी करते. दर वर्षी काकांचा निरोप येतो, निदान दर्शनाला तरी ये. आईबाबांना मी सांगितलंय, तुम्ही जा. ते जात नाहीत. मीही जात नाही. माझा हात त्या माटोळीला चालत नसेल, तर तो त्या घरात जोडलाही जाणार नाही.