जूनमध्ये जन्मलेली माणसं

चिकलठाण्याच्या विमानतळावर अण्णा मला सोडायला आले, तेव्हा त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. त्यांची मूत्रपिंडं तेव्हाच थकायला लागली होती आणि डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं होतं, त्यामुळे बाटली माझ्यासाठीच होती. आत ती नेऊ देत नाहीत हे मला ठाऊक होतं. पण टँकरची वाट बघत काढलेल्या त्या उन्हाळ्यात भरलेली बाटली नको म्हणायला माझी जीभ रेटेना. "पोचली की फोन कर," अण्णा म्हणाले, "अन् तिथलं पाणी मानवतं का ते आधी सांग." तपासणीच्या रांगेत मी ती बाटली टाकून दिली. घरी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या मोठ्या भावाला, दादाला, आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना ती वर्षं आठवत असतील. अण्णा कामाला जात तो कारखाना जालना रोडवर, आमच्या दोन खोल्या मागच्या वस्तीत. समोर ज्वारीचं रान होतं, तिथे आधी प्लॉटिंगचे बोर्ड लागले, मग सातमजली इमारती उठल्या. जाहिरातीत पोहण्याचा तलाव आणि फाटकाशी टँकर. निवृत्तीनंतर अण्णा दादाकडे गावी, गंगापूरच्या पुढे राहायला गेले आणि डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा जीपने शहरात येऊ लागले. त्याचंही त्यांनी हसू केलं. "दुष्काळात डॉक्टरनं बरं केलं, पाणीच कमी प्यायला सांगितलं," असं म्हणायचे. आणि त्या यंत्राला किती पाणी लागतं हे कळल्यावर, "म्या एक घोट पिऊ नाय, अन् माझं रगत धुवायला सारा टँकर!"

मी ग्लासगोत आले. पाणी मानवलं. इथे ते वरूनही येतं आणि नळालाही, कुणी त्याचं कौतुक करत नाही. बाकी मानवलं का, हे अण्णांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फ्लॅट, बस, ऑफिस, आजारांच्या नोंदींचा डेटा. शेजारीण चांगली आहे, जिन्यात हवेबद्दल बोलते आणि दार लावून घेते. शनिवार-रविवारी दोन दोन दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. 'लई' हा शब्द मी फक्त फोनवर उच्चारते.

मग ती साथ आली. एसटी बंद, जीपा बंद. दादाने पोलीस ठाण्यात खेटे घालून मोटरसायकलचा पास मिळवला होता, अण्णांना तो घेऊन जाणार होता. त्या सकाळी, म्हणजे इथल्या मध्यरात्री, मी फोन केला. दिवसभर आजाराचे आकडे बघून माझं डोकं फिरलं होतं. मी म्हणाले, "अण्णा, दवाखान्यातच जास्त धोका आहे. डायलिसिसची एखादी पाळी चुकली तर चालेल, पण बाहेर पडू नका." फोन स्पीकरवर होता, दादा शेजारीच होता. अण्णा खूश झाले, त्यांना नाहीतरी सुया नकोच होत्या. "लेक तिकडं ह्याच कामात हाय, तिला कळतं," असं म्हणून त्यांनी एक पाळी चुकवली आणि मग माझ्याच शब्दावर दुसरीही. दहाव्या दिवशी धाप लागली. डायलिसिस केंद्रात पोचायच्या आत ते गेले. साथीचा आजार त्यांना शिवलाही नव्हता. विमानं बंद होती, मी अग्नी स्क्रीनवर पाहिला. दादाने मला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तो द्यावा असं मला वाटत राहिलं.

पुढे मी ज्या कामात पडले ते हेच होतं. आजार झालाच नाही, पण त्याच्या काळात उपचार हुकले, अशा माणसांचं काय झालं हे शोधायचं. अनेक देशांनी आपापल्या दवाखान्यांच्या नोंदी नाव-गाव काढून एकत्र केल्या. आमच्या जिल्ह्याच्याही आल्या. वय, जन्माचा महिना, चुकलेल्या पाळ्या, आणि त्या का चुकल्या याचं केंद्राने नंतर घरोघर फोन करून लिहून घेतलेलं कारण. ओळखीचं माणूस त्यात शोधणार नाही, अशी मी सही केली आहे. दादाला हे सांगितलं तेव्हा त्याने एकच विचारलं, "अण्णाला धरलंय का पण?" मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं हृदय बंद पडल्याचं लिहिलं होतं. ते कशाने गेले, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आणि एक दिवस एलेन, माझी सहकारी, म्हणाली की या जिल्ह्याच्या नोंदी सदोष आहेत. म्हाताऱ्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त जूनमध्ये कशी जन्मतील? त्या ओळी काढून टाकू. मी आधी हसले, मग आठवलं. अण्णाही जूनचेच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्या वर्गाला एक जून लावून टाकला होता, कारण जन्मतारीख कुणाच्या आईलाही माहीत नव्हती. एलेन मन लावून काम करणारी बाई, पण तारखेशिवाय जन्मलेलं माणूस तिच्या कल्पनेत बसेना. तीन आठवडे मी पत्रं लिहिली, बैठकांत भांडले, एकदा तर डोळ्यांत पाणी आलं आणि माझीच मला लाज वाटली. शेवटी ठरलं, महिना चुकीचा धरायचा, माणूस खरा धरायचा.

दादाला फोन केला. जूनचे सगळे ठेवले, असं मी त्याला म्हणाले.

"मंग अण्णा हायेत," तो म्हणाला. मग इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं. केंद्रातून फोन आला होता का? कारण काय सांगितलंस?

"आलता की. जीपा बंद व्हत्या, साधन नव्हतं, म्हणलं."

"आणि तुझी गाडी? पास?"

"ते त्यांनी इचारलं नाय." मग आवाज उतरला. "तुझं नाव कशाला घालू त्यात, सुमे?"

चुकीची नोंद कळली की ती कळवायची, हा आमच्या कामातला पहिला नियम. मी कळवलेली नाही. आमच्या तक्त्यात 'वाहन नव्हतं' या रकान्यात एक माणूस जास्त आहे आणि 'भीतीमुळे' या रकान्यात एक कमी, आणि हे जगात दोघांनाच माहीत आहे. घर कुठे, असं इथे कुणी विचारलं तर मी शहराचं नाव सांगते. मला स्वतःला घर म्हणून आता एवढंच उरलंय. तिकडे एक माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि इकडे मी ते खोटं पुसलेलं नाही.