एकोणीस मार्च, गुरुवार

गेल्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या वाडीत ठरल्या तारखेला, ठरल्या वेळी आली, आणि त्यामुळे वाडीत हाहाकार उडाला.

दोष माझा. म्हणजे तसा माझ्या तत्त्वांचा.

आमचं गाव रत्नागिरीहून जयगडला जाताना वाटेत लागतं. बाबा चळवळीतले, त्यामुळे घरात भाकऱ्यांपेक्षा पत्रकं जास्त. मी आयुष्यात पहिलं वाक्य वाचलं ते ‘जनतेने सावध राहावे’ हे! मोठी झाल्यावर मीही पत्रक काढलं: ‘फेकू नका, दुरुस्त करा!’ त्यात मी जाहीर शपथ घेतली होती की जुना कॉम्प्युटर दुरुस्त करून वापरीन आणि त्यात एकही नवा भाग घालणार नाही. एकही! (शपथ घेताना माझ्याकडे कॉम्प्युटरच नव्हता. चळवळीत असं चालतं.)

कॉम्प्युटर मिळाला तो भंगाराच्या टेम्पोत. एका पतपेढीने काढून टाकलेला. मी टेम्पोसमोर आडवी उभी राहिले.

“ताई, मेलेला आहे तो,” भंगारवाला म्हणाला.

“मेलेला नाही, टाकलेला आहे!”

“मग न्या. पण परत आणू नका.”

घरी येऊन ओटीवर कॅबिनेट उघडलं. आत मुंग्यांचं वारूळ, एक वाळलेली पाल आणि खाऱ्या हवेने चढलेला तांबडा गंज. दोन दिवस मी ब्रश घेऊन बसले. रॅमची पट्टी काढून तिची टोकं शाळेतल्या खोडरबराने घासली, परत बसवली, बटण दाबलं... आणि तो चालू झाला! पंख्याचा आवाज भाताच्या गिरणीसारखा. आई स्वयंपाकघरातून ओरडली, “काय गो, दळण कोणाचं आलं?”

एकच खोट राहिली. आतल्या घड्याळाचा बटणाएवढा सेल मेला होता. त्यामुळे वीज गेली की कॉम्प्युटर सगळं विसरायचा आणि उठल्यावर तारीख दाखवायचा एक जानेवारी २००९. मग आपण हाताने खरी तारीख घालायची.

“अगो, मग नवा सेल घाल ना,” आई म्हणाली. “नाक्यावर मिळतो.”

“आई, तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्वाला तारीख नाय कळत वाटतं!”

मी हाताने तारीख घातली.

होळी जवळ आली तसे आबा गावकर पालखीची यादी घेऊन निघाले. कोणत्या वाडीत पालखी कधी, हे ते दर वर्षी हाताने लिहून घरोघर वाचून दाखवायचे. मी त्यांना अंगणातच अडवलं.

“आबा, मी छापून देते. फुकट.”

“हाताने लिवलेलं काय वाईट हाय?”

“काळाबरोबर चला, आबा!”

आबांनी माझ्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. “ह्यो तुझा काळाबरोबर चालतो?”

मी यादी टाइप करायला बसले. नुसता दिवस आणि महिना टाकला की कॉम्प्युटर चालू वर्ष धरून वार आपोआप घालायचा. चौथ्या वाडीपर्यंत आले, फाइल सेव्ह केली, आणि वीज गेली. आली तेव्हा आबा ओटीखाली चपलांची चुळबूळ करत उभे होते. मी घाईने बटण दाबलं, आलेला इशारा वाचण्याआधीच घालवला, आणि पाचव्या वाडीपासून पुढचं टाइप केलं. पाचवी वाडी आमची.

छापून आलं:

चौथी वाडी – १८ मार्च, मंगळवार.
पाचवी वाडी – १९ मार्च, गुरुवार.

(आता तुम्हाला दिसतंय ना? मला नाही दिसलं. मी अक्षरांचा आकार बघत होते.)

आईला मात्र दिसलं. “मंगळवारनंतर एकदम गुरुवार? बुधवार गेला कुठे?”

“बुधवारी पालखीला विश्रांती असेल,” मी ठामपणे म्हणाले. मी ठामपणे म्हणाले की घरात वाद थांबतो. वाईट सवय आहे, पण वारशात मिळालेली.

तो कागद मी दुकानात लावला, एसटीच्या थांब्यावर लावला, वाडीवाडीत वाटला, आणि त्याचा फोटो मुंबईच्या चाकरमान्यांना पाठवला. आमच्याकडे तारीख कोणी वाचत नाही, सगळे वार वाचतात. दादानेही वारच वाचला.

“गुरुवारची एकच रजा मिळाली,” तो फोनवर म्हणाला. “बुधवारी रात्री गाडीत बसतो, पहाटे पोचतो. छकुलीला घेऊन.”

छकुली म्हणजे दादा-वहिनींची आठ महिन्यांची लेक. सहा वर्षं मूल नव्हतं, तेव्हा आईने पालखीला नवस केला होता: बाळ झालं की पहिल्या शिमग्यात पालखीच्या पायावर घालीन. आईने त्यासाठी खण, नारळ, साखर, सगळं महिनाभर आधीच ताटात मांडून ठेवलेलं. रोज त्या ताटावरचं फडकं काढायची, बघायची, परत झाकायची.

बुधवार उजाडला. पालखीच्या दिवशी आमच्याकडे मासळी शिजत नाही. म्हणजे गुरुवारी नाही. मग उरकायची कधी? अख्ख्या वाडीने एकाच वेळी विचार केला: आज! आमच्याकडे बांगडे तळले जात होते, शेजारी सुके बोंबील भाजत होते, त्यापलीकडे कोलंबी. दुपारपर्यंत वाडीत असा वास सुटला की मांजरं रस्त्याच्या मध्ये बसून कुठे जावं याचा विचार करत होती!

आणि ढोल वाजला.

“कोणाचं लगीन गो?” आईने विचारलं.

मी खिडकीतून पाहिलं. वळणावर आबा, मागे पालखी, मागे निम्मा गाव. आबांनी माझा कागद वाचलाच नव्हता. ते तिथीवर चालतात, बोटांवर मोजून. काळाबरोबर.

“आई... पालखी!”

“आज बुधवार ना!”

“आज एकोणीस!”

पुढची चार मिनिटं मला आठवत नाहीत, फक्त आवाज आठवतात. आई झाडू मारत रडत होती. बाबा हात धुवायच्या ऐवजी बांगडा धूत होते. तळलेल्या बांगड्यांचा डबा माझ्या हातात होता आणि लपवायला जागा नव्हती. ओटीवर कॅबिनेट उघडंच होतं, कारण झाकण लावलं की तो तापायचा. मी डबा आत सरकवला आणि उघडी बाजू भिंतीकडे फिरवली. कॉम्प्युटर बंद केला नाही. बंद केला तर पुन्हा चालू होईल याची खात्री मलाच नव्हती.

पालखी ओटीवर आली. चौरंगावर टेकवली. कॅबिनेटचा मागचा पंखा आता बरोबर तिच्याकडे तोंड करून गरागरा फिरत होता आणि ताज्या तळलेल्या बांगड्याचा वास गरम करून देवाला अर्पण करत होता.

आबांनी नाक वर केलं. डावीकडे हुंगलं, उजवीकडे हुंगलं. मग हळूहळू वाकून कॅबिनेटकडे बघितलं.

“हे मशीन काय खातं गो?”

मग मला बोलावंच लागलं. सेल, शपथ, वीज, २००९ सालचे वार, सगळं. मी बोलत होते आणि गाव ऐकत होता. मागून कोणीतरी म्हणालं, “म्हणजे आमच्या वाडीचा शुक्रवारपण खोटा?”

आईला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती झाकलेल्या ताटाजवळ उभी होती. “आबा, पोर उद्या पहाटे पोचतेय हो. उद्या परत आणा ना पालखी.”

“पालखी मागे फिरत नाय, वहिनी. तुम्हाला ठाऊक हाय.”

“मग माझ्या नवसाचं काय?”

आबा ताटाकडे बघत म्हणाले, “देवालाच विचारू. उद्या पुढल्या वाडीत पोर पायावर घातली तर चालेल का. उजवं फूल पडलं तर होय, डावं पडलं तर नाय.”

देवीच्या मुखवट्यावर दोन्ही बाजूंना फुलं लावली. सगळे हात जोडून उभे राहिले. मीसुद्धा. (अंधश्रद्धेवर माझी दोन पत्रकं आहेत.)

एक मिनिट गेलं. दोन गेली. फुलं हलेनात. आई पुन्हा पुन्हा झाकलेल्या ताटाकडे बघत होती. आणि मला दिसलं की उजवं फूल अगदी काठावर आहे, आणि पंख्याचा वारा त्याच्यापासून चार बोटांवरून जातोय.

माझ्या पायाचा अंगठा कॅबिनेटला लागला. कॅबिनेट किंचित वळलं.

उजवं फूल पडलं.

“कौल दिला!” आबा ओरडले. ढोल असा वाजला की कॉम्प्युटर बंद पडला.

त्या रात्री दादा गाडीत बसला आणि मी स्कूटरवर. उरलेल्या सगळ्या वाड्यांत जाऊन एकेका कागदावर पेनाने वार खोडून खरा वार लिहिला. हाताने!

गुरुवारी पुढल्या वाडीत छकुलीला पालखीच्या पायावर घातलं. तिने देवीच्या साडीची झालर मुठीत धरली ती सोडेचना. आई हसत होती, डोळे पुसत होती, परत हसत होती. आबांनी गाऱ्हाणं घातलं:

“बा देवा महाराजा! ह्या पोरीला सुखात ठेव. आणि हिच्या आत्याच्या मशीनला आजचा वार कळू दे रे महाराजा!”

“होय महाराजा!” अख्खा गाव म्हणाला. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

संध्याकाळी मी नाक्यावर जाऊन नवा सेल आणला, गुपचूप बसवला. पत्रकाची नवी आवृत्ती काढली, तिच्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ वाढवली: ‘सेल सोडून.’

तेव्हापासून आई दर गुरुवारी कॅबिनेटवर एक जास्वंद ठेवते. एकदा न राहवून मी म्हणाले, “आई, ही अंधश्रद्धा आहे. यंत्राला काय फूल वाहतेस?”

“यंत्राला नाय गो,” आई शांतपणे म्हणाली. “तुझा अंगठा मी बघितला होता. त्याला कसं वाहू? तू एका जागी बसतेस कुठे!”