बॅरनपद आणि होळीचा पहिला नारळ

नव्वदच्या दशकाच्या आरंभी मी पनवेलच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो आणि एका मासिकासाठी आयर्लंडमधल्या एका वंशपरंपरागत बॅरनपदावर लेख लिहीत होतो. विषय भारदस्त वाटला होता. माणसे तशी निघाली नाहीत. पहिल्या बॅरनने आपल्याच देशाची संसद बरखास्त करण्याच्या बाजूने मत दिले, त्याचे हे बक्षीस. त्याच्या मुलाने लंडनमध्ये बसून पद उपभोगले; ज्या गावाचे नाव तो सहीत मिरवत असे, तिथला चिखल त्याच्या बुटांना कधी लागला नाही. नातवाने शिकारी कुत्री पाळली. याहून अधिक त्याच्याविषयी लिहिण्यासारखे मला सापडले नाही. त्याला दोन मुली होत्या. पद त्यांना ओलांडून दूरच्या चुलतभावाकडे गेले आणि तो निपुत्रिक वारल्यावर विझले. त्यामुळे गावातली एकही चूल विझली नाही.

हे लिखाण आमच्या ग्रंथपाल बाईंनी वाचले. त्या जवळच्याच एका गावच्या पाटलाची एकुलती मुलगी. पाटीलकी कायद्याने केव्हाच गेली होती, शेती नव्या शहरासाठी संपादित झाली होती; उरला होता होळीचा मान. पाटलाच्या घरचा नारळ पडल्याशिवाय आणि त्या घरच्या माणसाने गाऱ्हाणे, म्हणजे गावासाठी देवाकडे मोठ्याने मागणे, घातल्याशिवाय होळी पेटत नसे. वडील अंथरुणाला खिळल्यापासून हे सारे बाईच करत. वडिलांच्या वतीने म्हणून गाव चालवून घेई. त्या हिवाळ्यात वडील गेले आणि मुंबईच्या चुलतभावाने मान मागितला.

"सर, हीच गोष्ट आमच्या गावकीत सांगा," त्या म्हणाल्या. "माझं कोणी ऐकत नाही."

गावकी देवळात जमली होती; मी तिथे जाऊन सांगितली. माझा आवाज पहिल्यापासून मऊ. त्या आवाजात केलेला उपहास मला तेव्हा विद्वत्तेसारखा वाटत असे. कुत्र्यांच्या उल्लेखावर लोक हसले. मग बाईंचे चुलत आजोबा म्हणाले, "मास्तर, बरी म्हायती दिलीत. म्हंजे गोऱ्या सायबाचे मुलखात बी पोरीला मान नाय."

"आजोबा, म्हणूनच तर ते पद बुडालं," मी म्हणालो.

"त्यांचेकडं पोऱ्या नव्हता म्हनून बुडालं. आमचा हाय ना मुंबयला."

"त्याला गाऱ्हाणं तरी येतं का?" बाईंनी विचारले.

"तू शिकव. पोरीचा तेवडा मान हायच की."

सगळे पुन्हा हसले. मीही, सवयीने, थोडा हसलो. ज्या मूर्खपणाची खिल्ली उडवायला गेलो होतो, त्याला परदेशी दाखला पुरवून मी परतलो. माझ्या तुच्छतेचा निम्मा वाटा त्यानंतर मी स्वतःकडेच ठेवत आलो आहे. उरलेला निम्मा त्या देवळातून परत मागवण्याचे मात्र मला अजून कारण दिसत नाही.

बाईंनी चुलतभावाला काहीही शिकवले नाही. होळीच्या संध्याकाळी तो मोटारीतून आला आणि नारळ हातात धरून लाकडांपुढे उभा राहिला. गाव वाट पाहू लागले. त्याने घसा खाकरला, घड्याळ पाहिले. अखेर आजोबांनी पाटलांच्या घराकडे तोंड करून हाक मारली, "पोरी, सांग गं त्याला."

दार उघडे होते. बाई आत जेवायला बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

नारळ मुकाट्यानेच पडला. गावासाठी कोणी काहीच मागितले नाही आणि परंपरा राखली गेली, असे सर्वांनी एकमताने ठरवले.