रिकाम्या जागेची राखणदारीण

गणिताच्या बाईंनी आयुष्यभर शून्याचे गोडवे गायले, आणि आजारातून उठल्यावर नेमकं शून्यच त्यांना दगा देऊन बसलं. अर्धांगाचा झटका ओसरला, जीभ वळू लागली, हातात खडू धरता येऊ लागला. पण २०५ दिसलं की तोंडातून यायचं, पंचवीस! मधलं शून्य दिसायचं, वाचताना निसटायचं.

"त्यात काय एवढं?" नवरा शर्टाला इस्त्री फिरवत म्हणायचा. "मी साठीचा झालोय, मला सहाचाच समज."

बाई हसायच्या. पण आज आजारानंतरचा त्यांचा शाळेतला पहिला तास होता. जमलं नाही तर वर्ग सोडावा लागेल, हे मुख्याध्यापिकांनी मायेनेच, पण स्पष्ट सांगितलं होतं. आणि वर्ग सुटला की बाईंनी सकाळी उठायचं तरी कशासाठी?

मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसल्या. चित्रकलेच्या बाई दाराशीच घुटमळत होत्या. बाईंनी फळ्यावर २०५ लिहिलं, मोठ्याने वाचलं, "पंचवीस."

मुख्याध्यापिकांनी मान खाली घातली. बाईंची कानशिलं तापली, आणि मग काय झालं कोण जाणे, त्यांना हसूच फुटलं.

"चुकले! पण बरी चुकले. बॅबिलोनचे लेखनिकही इथेच फसायचे," त्यांनी अडखळत सुरुवात केली आणि तळहाताने शून्य पुसलं. "त्यांचे आकडे वेगळे, घोळ मात्र हाच. ओल्या मातीच्या पाटीवर आकडे उमटवायचे, आणि ज्या घरात काही नाही ते नुसतं मोकळं सोडायचे. जागा जरा कमी सुटली की आकडे चिकटलेच एकमेकांना! शेकडो वर्षं हा गोंधळ. मग कुणीतरी तिथे दोन तिरक्या खुणा केल्या. पुढे भारतात टिंब आलं, वर्तुळ आलं, आणि इथल्या गणितज्ञांनी तर त्याला सरळ संख्याच मानलं, बेरीज-वजाबाकीचे नियम लावून दिले. इथून ते अरबांकडे गेलं, मग जगभर. पण मूळचं काम एकच, जागा धरून बसायचं. स्वतःची किंमत काही नाही, पण ते उठलं की शेजारच्याची किंमत घसरते."

बोलता बोलता बाईंची नजर दाराकडे गेली आणि त्या थांबल्या.

इतके महिने हा तास चित्रकलेच्या बाईंनी सांभाळला होता. गणिताच्या नावाने त्यांची बोंब! स्वतः पुस्तकात बघत मुलांकडून पाढे म्हणून घ्यायच्या. नव्या शिक्षिकेचा विषय निघाला की म्हणायच्या, "कशाला? मी आहे ना बसायला." हे बाईंच्या कानावर आलं होतं, पण उमगलं ते आत्ता.

"आत ये गं," बाई भर वर्गात म्हणाल्या. "तू बसली नसतीस तर माझी जागा कधीच बुजली असती. तुझे उपकार मी कसे फेडू?"

"अगं, मुलं बघतायत!" चित्रकलेच्या बाईंनी डोळे पुसले. "आधी आकडा वाच तो."

बाई फळ्याकडे वळल्या. दोन आणि पाचाच्या मध्ये सावकाश शून्य काढलं, त्यावर बोट ठेवलं, आणि ते न उचलता वाचलं, "दोनशे पाच."

मुख्याध्यापिका बाकावरून उठल्या.

"उद्या वेळेवर या हं," एवढंच म्हणाल्या.