न केलेले फोन

औषधाच्या दुकानात दोन प्रकारची माणसं काम करतात, असं काकांचं ठाम मत होतं. एक वाचणारी आणि दुसरी पोचवणारी. पोचवणारी माणसं चिठ्ठीवर जे लिहिलंय ते फळीवरून काढून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतात. पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब. वाचणारी माणसं डॉक्टरला काय लिहायचं होतं ते वाचतात. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नवं दुकान निघालं, काचेचा दरवाजा, आत गारवा, पांढऱ्या कोटातला तरुण फार्मासिस्ट. काकांनी त्याला एकदा लांबून पाहिलं आणि त्याचं नाव पोस्टमन ठेवून टाकलं.

काका स्वतः अर्थातच वाचणाऱ्यांतले. चौकातल्या डॉक्टरांचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून चालत गेलेली. पण काका ते घडाघडा वाचत. दोघं एकाच वयाचे, एकाच रस्त्यावर म्हातारे झालेले, आणि त्यांच्यात कधी शब्दाला शब्द लागला नव्हता. कारण साधं होतं. डॉक्टरांच्या हातून चिठ्ठीत चूक झाली, म्हणजे माणूसच तो, व्हायचीच, तर काका गाजावाजा न करता ती दुरुस्त करत. मोठ्या माणसाचं औषध लहान मुलाच्या चिठ्ठीवर आलं की काका लहानाचं देत. एकमेकांशी न पटणारी दोन औषधं एकत्र लिहिली गेली की एक बदलून देत. डॉक्टरांना सांगत नसत, गिऱ्हाइकाला तर नाहीच नाही.

"डॉक्टरचा मान राहिला पाहिजे आणि पेशंटचा जीव," ते म्हणत. "ज्याला दोन्ही सांभाळता येत नाही त्याने साबण विकावेत."

ही विद्या त्यांनी एकाच माणसाला दिली, ती म्हणजे त्यांची पुतणी. कॉलेजसाठी म्हणून ती काका-काकूंकडे राहायला आली, रसायनशास्त्राची पदवी घेतली, आणि नोकरी मिळेपर्यंत म्हणून दुकानात उभी राहिली ती राहिलीच. रस्ताभर तिला ताई म्हणत. लग्नाचं दोनदा जमलं आणि दोनदा मोडलं. त्याचं तिला दुःख झालं की सुटल्यासारखं वाटलं, हे काकूंनाही कधी कळलं नाही. चिठ्ठी उलटी धरली तरी ती डॉक्टरांचं अक्षर वाचू शकायची, आणि काकांना ह्या गोष्टीचा मुलगी असती तर झाला असता एवढा अभिमान होता.

मग काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या बरोबर मध्यभागी एक डाग बसला. त्यांना कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. एखाद्या खोक्यावरचं नाव वाचायचं तर ते खोक्याकडे न बघता शेजारच्या भिंतीकडे बघत, आणि मग नाव डोळ्याच्या कोपऱ्यात सापडे. काही दिवस हे चाललं. नंतर एकदा त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या म्हणून झोपेच्या गोळ्या काढल्या. ताईने त्या हातातून काढून घेतल्या आणि दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

पण विषय होताच. दुकान चालवायला फार्मासिस्ट लागतो, आणि नोंदणी काकांच्या नावावर होती. ताईला सगळं येत होतं, फक्त कायद्याच्या लेखी ती कुणीच नव्हती. त्यासाठी औषधनिर्माणशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम होता, तो पुरा केला की नोंदणी मिळायची. "तुला काय, तू तर जाऊन परीक्षाच दे," काका म्हणाले. "शिकायचं काय राहिलंय?" ताईलाही तसंच वाटत होतं. चाळिशीला आलेली बाई पाठीला पिशवी लावून बसथांब्यावर उभी राहिली तेव्हा तिला फक्त एक काळजी होती, की वर्गातली पोरं काकू म्हणतील. एकाने म्हणून पाहिलं. पुन्हा त्याची छाती झाली नाही.

वर्गात ती चटकन मोठी झाली. प्रयोगशाळेत काचेच्या पाटीवर मलम घोटायचं असे. बाकीच्यांचं मलम रवाळ व्हायचं, तिचं लोण्यासारखं. मुलं गोळ्यांची नावं घोकत. तिला ती नावं शेजाऱ्यांसारखी माहीत होती, कोण कुणाशी पटवून घेतं आणि कोण कुणाच्या वाऱ्याला उभं राहत नाही, सगळं. परीक्षा जवळ आली की पोरंपोरी तिच्याभोवती गोळा होत. घरी ती जेवताना काकांना वर्गातल्या गमती सांगे. काका हसत आणि म्हणत, "त्यांना शिकवायचे पैसे माग."

हे सगळं मी अशासाठी सांगतोय, की प्रात्यक्षिकात ती नापास झाली तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नाही.

ते प्रात्यक्षिक असं असे. एका खोलीत दुकान मांडलेलं. फळ्या, औषधं, लेबलं, फोन. समोर पेशंट म्हणून एक निवृत्त नट बसवलेला, आणि तो कण्हण्यात कसर ठेवत नसे. कोपऱ्यात परीक्षक गप्प. नटाने चिठ्ठी दिली. सांधेदुखीची एक गोळी होती, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर माणूस हकनाक जातो. चिठ्ठीवर "रोज एक" लिहिलेलं. मुद्दाम पेरलेली चूक होती आणि ताईला ती चिठ्ठी उघडता उघडता दिसली. तिने गोळ्या मोजून काढल्या, लेबलवर "आठवड्यातून एकदा" लिहिलं, आणि नटाला इतक्या मायेने समजावलं, की कुठला वार ठरवायचा, त्या वाराला घरात कुणी आठवण करायची, तोंड आलं किंवा ताप आला तर थांबायचं कधी, की तो कण्हायचं विसरला. उठताना त्याने तिला खऱ्या पेशंटसारखा नमस्कार केला. ताई बाहेर आली ती तरंगतच.

निकालाच्या दिवशी परीक्षक मॅडमनी तिला आत बोलावलं. मॅडम तिच्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या, आणि वाईट बातमी सांगायची त्यांना सवय नव्हती.

"ताई, चूक तुम्हाला सापडली होती ना?"

"बघताक्षणी."

"मग फोन का नाही केलात?"

"कुणाला?"

मॅडमना वाटलं ती थट्टा करते आहे. "डॉक्टरांना. तो फोन तिथे त्यासाठीच ठेवला होता. पलीकडे आमचे सर डॉक्टर होऊन बसले होते. बिचारे वाट बघत होते."

"पण मी बरोबरच दिलं की," ताई म्हणाली. "रोज म्हणजे आठवड्यातून एकदाच असणार. दुसरं काही असूच शकत नाही."

"ह्या वेळी नव्हतं. पण ते तुमचं तुम्हीच ठरवलंत. चूक तुम्हाला सापडली, आणि सापडली हे कुणालाच कळलं नाही. पेशंटला नाही, डॉक्टरांना नाही. म्हणजे उद्या ते पुन्हा तीच करणार, आणि उद्या समोर तुम्ही नसाल."

ताई पिशवी उचलून निघाली. राग आला होता. आपल्याहून लहान मुलीने सांगितलं म्हणून आला असता तर तो निघूनही गेला असता. पण बसमध्ये बसल्यावर तिच्या लक्षात आलं की मॅडमचं बरोबर आहे, आणि मग खरी पंचाईत झाली. मॅडमचं बरोबर असेल तर काकांचं चूक होतं. एकदा-दोनदा नव्हे, आयुष्यभर. तिला फार्मासिस्ट व्हायचं होतं, पण ते काकांसारखं व्हायचं होतं. काकांना खोटं पाडून त्यांच्या दुकानात उभं राहायचं, ही कल्पना तिला मुळीच सोसेना.

घरी काकांनी विचारलं, "नापास? तू? कशात?"

"फोन करायचा राहिला."

काकांना समजायला वेळ लागला नाही. ते भिंतीकडे बघू लागले, म्हणजे तिच्याकडे. "बरोबर औषध दिलंस?"

"हो."

"मग फोन कसला? डॉक्टरला सांगायचं की तुम्ही चुकलात? भर दुकानात? उद्या तो चिठ्ठी कुणाकडे पाठवेल? पोस्टमनकडे!" त्यांचा आवाज चढला. काकू ताटं घेऊन आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. "त्यांना म्हणावं, ह्या रस्त्यावर माझ्या हातून कुणी मेलेलं नाही."

"त्या तुमच्याबद्दल काही बोलल्या नाहीत, काका."

"बोलल्या की. मला ऐकू येतं, दिसत नसलं तरी."

त्यानंतर जेवताना वर्गातल्या गमती बंद झाल्या.

दुसऱ्या खेपेला ताई पास झाली. ह्या वेळी नट दम्याचा पेशंट होता, चूक मात्रेची होती, आणि तिने मुकाट्याने फोन उचलून पलीकडच्या सरांना सांगितलं. सर ठरल्याप्रमाणे खेकसले, तिने ठरल्याप्रमाणे पुन्हा सांगितलं. त्यात काही अवघड नव्हतं. लटका पेशंट, लटका डॉक्टर, आणि काका खोलीत नव्हते. नोंदणी झाली, दुकान तिच्या नावावर लागलं. काका गल्ल्यावरची खुर्ची सोडून आतल्या बाजूच्या स्टुलावर बसू लागले. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येत राहिल्या, सरळ, बिनचूक, आणि ताई प्रत्येक चिठ्ठी उघडताना मनातल्या मनात प्रार्थना करी की ही चुकलेली नसू दे.

मग एका दुपारी एक बाई आली. खांद्यावर लहान मूल, तापाने मान टाकलेलं. घाईने तिने चिठ्ठी पुढे केली. तापाचं औषध होतं. लहान बाळांसाठी ते थेंबांच्या बाटलीत येतं आणि फार दाट असतं, थोडेसे थेंब पुरतात; थोड्या मोठ्या मुलांसाठी तेच पातळ सिरप असतं, ते चमच्याने देतात. डॉक्टरांनी थेंबांची बाटली लिहिली होती, आणि पुढे "एक चमचा, दिवसातून चारदा".

ताईने चिठ्ठी हळू आवाजात वाचून दाखवली, तिला इतकी वर्षं सवय होती तशी. स्टुलावरून काका तसेच हळू म्हणाले, "सिरप दे. चमचा लिही. झालं."

ताईचा हात सिरपकडे गेलाही. तेवढ्यात बाई म्हणाली, "लवकर द्या हो ताई. त्या पलीकडच्या दुकानात उगाच खोळंबा झाला. तो मुलगा म्हणाला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणार नाही. फोन केला, तर डॉक्टर त्याच्यावरच ओरडले, लिहिलंय ते द्या म्हणून. तरी दिलं नाही त्याने. म्हणून म्हटलं तुमच्याकडे यावं. तुम्ही काही विचारत नाही."

ताईने सिरपवरचा हात काढला. काकांकडे बघायचं तिने टाळलं. तिने फोन उचलला, आणि तिकडे घंटा वाजत असताना डॉक्टरांनी उचलू नये असंही एकदा वाटून गेलं. त्यांनी उचलला.

"आज काय चाललंय काय?" त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "आधी तो नवीन पोरगा, आता तुम्ही? तुमच्या दुकानातून मला कधी फोन आलेला नाही."

"थेंबांच्या बाटलीवर एक चमचा लिहिलाय, डॉक्टर," ताई म्हणाली. "ते थेंब चमचाभर म्हणजे फार होतात. तुम्हाला सिरप म्हणायचं होतं का, ते विचारते आहे."

डॉक्टरांचा आवाज एकदम उतरला. "सिरप. सिरपच. अहो, ते ओघात..." आणि लगेच पुन्हा चढ्या आवाजात, "एखाद्या दिवशी होतं असं. तुझ्या काकांना विचार. इतकी वर्षं झाली, माझ्या चिठ्ठीत त्यांना कधी चूक सापडली नाही. एक तरी फोन केलाय का त्यांनी मला? विचार."

ताईने सिरपची बाटली आणि मापाचा चमचा बाईला दिला, कसं द्यायचं ते खुणेने दाखवलं. फोन कानालाच होता. खरं बोलावं तर काका शेजारी बसलेले, आणि खोटं बोलावं तर शिकली कशासाठी?

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. काका काउंटरला धरून धरून आले आणि त्यांनी हात पुढे केला. ते तिच्या वतीने माफी मागणार, असं तिला वाटलं. तरी तिने फोन दिला.

"मी बोलतोय," काका म्हणाले. "डॉक्टर, सापडत होत्या."

पलीकडून काही विचारलं गेलं.

"तुमच्या चुका. मी दुरुस्त करून देत होतो. तुम्हाला सांगत नव्हतो." ते भिंतीकडे बघत होते. "शिंपीणबाईंची रक्त पातळ करायची गोळी, तुम्ही दुप्पट लिहिली होती. शाळेच्या पहारेकऱ्याला त्याला न चालणारं इंजेक्शन. तुमच्या स्वतःच्या मेहुण्याची मधुमेहाची गोळी. ती तर दोनदा. गेल्या हिवाळ्यात जुळ्या मुलांचं कफाचं औषध..."

ते सांगत राहिले. बाई मुलाला घेऊन निघून गेली, दुसरं गिऱ्हाईक आलं, त्याला ताईने खुणेने थांबायला सांगितलं. काका मध्येच अडत, डोळे मिटत, आणि पुन्हा एखादं आठवे. पलीकडे डॉक्टर होते की त्यांनी फोन ठेवला होता, हे ताईला कळत नव्हतं. शेवटी काका थांबले. तेव्हा पलीकडून एक प्रश्न आला, अगदी हळू. तो ताईला ऐकू आला नाही.

"नाही," काका म्हणाले. "बाकीच्या मला आता आठवत नाहीत."